अमेरिकेतील विमानतळांवर ओळखपत्राची कायदेशीर सक्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत देशांतर्गत विमानप्रवास करताना सुरक्षा तपासणीच्या ठिकाणी ओळखपत्र दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे की नाही, हा तेथील घटनात्मक व प्रशासकीय कायद्यातील दीर्घकाळ वादग्रस्त राहिलेला प्रश्न आहे. विमानतळांवरील सूचनाफलकांवर ओळखपत्र आवश्यक असल्याचे लिहिलेले असते. प्रत्यक्षात मात्र ओळखपत्र हरवलेले अनेक प्रवासी इतर मार्गांनी ओळख पटवून विमानात बसतात. ओळखपत्र जवळ नसणे हा संघीय कायद्यानुसार गुन्हा नाही. तथापि ओळख पटवण्यास नकार देणाऱ्या प्रवाशाला तपासणीनाक्यापलीकडे जाऊ न देण्याचा अधिकार वाहतूक सुरक्षा प्रशासन (ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, संक्षेपाने टीएसए) वापरते. ‘सक्ती’ या शब्दाने शिक्षापात्र कर्तव्य समजायचे की प्रवेशाची अट, यावर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील देशांतर्गत प्रवासात ओळखपत्र पाहण्याची सार्वत्रिक पद्धत नव्हती. एकाच्या नावाचे तिकीट दुसऱ्याने वापरणे शक्य होते आणि उरलेली तिकिटे वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींमधून विकली जात. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे निघालेल्या टीडब्ल्यूए उड्डाण ८०० या विमानाचा लाँग आयलंडजवळ आकाशात स्फोट झाला आणि त्यातील सर्व २३० जण मृत्युमुखी पडले. घातपाताचा संशय बळावल्याने संघीय विमान वाहतूक प्रशासनाने सुरक्षाविषयक निर्देश काढले. त्यानंतर विमान कंपन्या प्रवाशांकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र मागू लागल्या. पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत हा स्फोट इंधनाच्या टाकीत झाल्याचा निष्कर्ष निघाला, म्हणजे ज्या घटनेमुळे ही पद्धत रुळली ती घातपाताची नव्हतीच. पद्धत मात्र कायम राहिली. तिकिटांची परस्पर विक्री थांबल्याने कंपन्यांचा व्यापारी लाभ झाला, ही बाबही टीकाकार नोंदवतात.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर १९ नोव्हेंबर २००१ रोजी विमान व वाहतूक सुरक्षा कायदा संमत झाला आणि त्याद्वारे टीएसएची स्थापना झाली. तपासणीचे काम खासगी कंत्राटदारांकडून शासनाकडे आले. हल्लेखोरांपैकी एक वगळता सर्वांनी अमेरिकेतील कोणते ना कोणते ओळखपत्र मिळवले होते, असे या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने नमूद केले. आयोगाने त्यावरून ओळखपत्रांचे राष्ट्रीय निकष कडक करण्याची शिफारस केली. ओळखपत्र तपासण्याने हल्ला रोखला जात नाही, असे मानणारे हीच नोंद आपल्या बाजूने पुढे करतात.

कायद्यातील तरतुदी

संघीय कायद्याच्या ४९ व्या शीर्षकात विमानतळ सुरक्षेच्या मुख्य तरतुदी आहेत. कलम ४४९०१ नुसार प्रवासी व त्यांच्या सामानाची तपासणी करणे बंधनकारक आहे. कलम ४४९०२ नुसार, शस्त्रे वा घातक वस्तूंसाठी झडती घेऊ देण्यास जो प्रवासी संमती देत नाही, त्याला विमान कंपनीने नेऊ नये. या कलमांचा भर प्रवाशाजवळ काय आहे यावर आहे. तो कोण आहे याविषयी त्यांत स्पष्ट आज्ञा नाही. याच शीर्षकातील कलम ४०१०३ अमेरिकी नागरिकाला हवाई क्षेत्रातून जाण्याचा सार्वजनिक हक्क देते.

ओळखपत्राचा थेट उल्लेख कायद्याऐवजी नियमांत सापडतो. संघीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकातील नियम १५४०.१०५ नुसार, तपासणीपलीकडील सुरक्षित क्षेत्रात प्रवेश करणाऱ्याने तेथे लागू असलेल्या सुरक्षा उपायांचे व कार्यपद्धतींचे पालन केले पाहिजे. हा नियम जाणूनबुजून व्यापक ठेवलेला आहे, कारण त्या कार्यपद्धती कोणत्या हे त्यात सांगितलेले नाही.

दुसरी आणि अधिक नेमकी तरतूद नियम १५४०.१०७ मध्ये आहे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सिक्युअर फ्लाइट’ कार्यक्रमाचा अंतिम नियम प्रसिद्ध झाला. त्याद्वारे प्रवाशांची नावे संशयितांच्या यादीशी (वॉचलिस्ट) जुळवून पाहण्याचे काम विमान कंपन्यांकडून टीएसएकडे आले. आरक्षण करताना पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग देणे तेव्हापासून आवश्यक झाले. यादी पडताळणीच्या हेतूने मागणी झाली असता जी व्यक्ती ओळखीचा वैध दस्तऐवज दाखवत नाही, तिला सुरक्षित क्षेत्रात अथवा विमानात प्रवेश करता येणार नाही, असेही या नियमात आहे. त्याला एक अपवाद जोडलेला आहे: टीएसए प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार करून परवानगी देऊ शकते.

वादाचे मूळ या वाक्यरचनेत आहे. ‘यादी पडताळणीच्या हेतूने मागणी झाली असता’ हे शब्द नियम १५६०.१०५ कडे निर्देश करतात. त्या नियमानुसार ओळखपत्र मागण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे आणि तीही टीएसएकडून पडताळणीचा निकाल आलेला नसताना किंवा प्रवाशाला रोखून धरण्याची सूचना आलेली असताना. यावरून काही अभ्यासक असा अर्थ लावतात की, ज्याचे नाव आधीच निर्वेध ठरले आहे अशा सर्वसामान्य प्रवाशावर हा नियम ओळखपत्राची सक्ती करत नाही. टीएसए आपल्या मागणीचा आधार सुरक्षित क्षेत्राच्या प्रवेशावर नियंत्रण ठेवण्याच्या व्यापक अधिकारात शोधते. दोन्ही अर्थ मजकुराशी पूर्णपणे विसंगत म्हणता येणार नाहीत. पण पहिला अर्थ शब्दांच्या अधिक जवळचा आहे.

गिल्मोर विरुद्ध गोन्झालेस

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा न्यायनिर्णय इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे सहसंस्थापक जॉन गिल्मोर यांच्या खटल्यात झाला. ४ जुलै २००२ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गिल्मोर कॅलिफोर्नियातील ओकलंड विमानतळावर साउथवेस्ट एअरलाइन्सच्या उड्डाणासाठी गेले. राजधानी वॉशिंग्टन येथे जाऊन शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा त्यांचा हेतू होता. त्यांनी ओळखपत्र दाखवण्यास नकार दिला आणि तशी सक्ती करणारा नियम दाखवण्याची मागणी केली. त्याऐवजी दारापाशी झडती देण्याचा पर्याय त्यांना सांगण्यात आला. तरीही विमानात चढण्यापूर्वी पुन्हा ओळखपत्र मागून त्यांना थांबवण्यात आले. त्याच दिवशी ते सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सकडे गेले. तेथे ओळखपत्र किंवा अधिक कसून झडती, असा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी दोन्हींस नकार दिला आणि ते प्रवास न करता परतले.

खटल्याच्या आरंभी शासनाने असा लेखी निर्देश अस्तित्वात आहे की नाही, हे सांगण्यासच नकार दिला. नंतर त्याचे अस्तित्व मान्य करण्यात आले. तथापि तो ‘संवेदनशील सुरक्षा माहिती’ या वर्गात मोडतो, या कारणाने त्याचा मजकूर वादी व त्याच्या वकिलांना दाखवण्यात आला नाही. न्यायाधीशांनी तो बंद दालनात वाचला. ज्या नियमाने आपल्याला रोखले तो नियम वाचण्याचा नागरिकाला अधिकार आहे काय, हा मुद्दा त्यामुळे मूळ तक्रारीइतकाच महत्त्वाचा ठरला.

जिल्हा न्यायालयाने मार्च २००४ मध्ये दावा फेटाळला. २६ जानेवारी २००६ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने न्यायाधीश रिचर्ड पाएझ यांनी लिहिलेल्या निकालपत्राद्वारे गिल्मोर यांच्या विरोधात निर्णय दिला. नियमभंगासाठी कोणतीही फौजदारी शिक्षा नसल्याने नियम अस्पष्ट असल्याचा आक्षेप न्यायालयाने स्वीकारला नाही. ओळखपत्र मागितले जाईल, हे प्रवाशाला तोंडी व फलकांद्वारे कळवले गेले होते, एवढी पूर्वसूचना त्याने पुरेशी मानली. प्रवासाचा हक्क घटनात्मक असला तरी विशिष्ट वाहनाने प्रवास करण्याचा मूलभूत हक्क नाही, या त्याच न्यायालयाच्या पूर्वनिर्णयाचा आधार घेण्यात आला. चौथ्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे अवाजवी झडती व जप्तीपासूनच्या संरक्षणाच्या मुद्द्यावर न्यायालयाचे म्हणणे असे होते की, गिल्मोर यांना अटकेची धमकी देण्यात आली नव्हती आणि ते केव्हाही निघून जाण्यास मोकळे होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

हा निकाल अनेकदा ‘ओळखपत्राची सक्ती वैध ठरली’ अशा शब्दांत सांगितला जातो. ते अपुरे आहे. न्यायालयासमोर असलेल्या धोरणात ओळखपत्राला झडतीचा पर्याय उपलब्ध होता, आणि हा पर्याय होता हे न्यायालयाच्या विवेचनात पुन्हा पुन्हा येते. पर्याय नसलेली सक्ती घटनेशी सुसंगत ठरेल काय, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालात नाही.

२००८ मधील धोरणबदल

तो पर्याय दोन वर्षांत संपुष्टात आला. २१ जून २००८ पासून टीएसएने नवे धोरण लागू केले. ओळखपत्र दाखवण्यास हेतुपुरस्सर नकार देणाऱ्या प्रवाशाला सुरक्षित क्षेत्रात प्रवेश नाकारण्यात येऊ लागला. ज्याचे ओळखपत्र हरवले, चोरीला गेले वा घरी राहिले आणि जो ओळख पटवण्यात सहकार्य करतो, त्याला मात्र अतिरिक्त तपासणीनंतर प्रवासाची मुभा राहिली.

सुरक्षेच्या दृष्टीने या भेदाचे समर्थन करणे कठीण असल्याची टीका झाली. वाईट हेतू असणारा माणूस पाकीट हरवल्याचे सहज सांगू शकेल आणि तत्त्वासाठी नकार देणारा मात्र अडेल, असे टीकाकारांचे म्हणणे होते. टीएसएच्या भूमिकेनुसार, प्रवासी कोण आहे हे कळले तरच यादी पडताळणीला अर्थ उरतो.

ओळखपत्र नसलेल्या प्रवाशाची पडताळणी

ओळखपत्र नसलेल्या प्रवाशाकडून आपले नाव व पत्ता ‘फॉर्म ४१५’ या ओळख प्रमाणपत्रावर भरून घेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. खोटी माहिती देणे हा संघीय गुन्हा असल्याचा इशारा या फॉर्मवर असतो. तपासणी अधिकारी त्यानंतर ओळख पडताळणी केंद्राशी दूरध्वनीवर संपर्क साधत. तेथील कर्मचारी सार्वजनिक व व्यापारी माहितीसाठ्यांतून जुने पत्ते आणि तत्सम तपशील काढून प्रश्न विचारत आणि उत्तरे जुळल्यास प्रवाशाला अंगझडती व सामानाच्या तपासणीनंतर पुढे सोडण्यात येई.

या पद्धतीतही एक कायदेशीर गुंतागुंत आहे. कागदोपत्री भार कमी करण्यासंबंधीच्या अमेरिकी कायद्यानुसार, शासनाने जनतेकडून माहिती गोळा करण्यापूर्वी व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घेऊन फॉर्मवर तिचा क्रमांक छापावा लागतो. वैध क्रमांक नसलेला फॉर्म न भरल्याबद्दल कोणालाही दंड करता येत नाही. फॉर्म ४१५ अशा मंजुरीविना वापरात असल्याचा आक्षेप नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी घेतला. २०१६ मध्ये टीएसएने मंजुरीसाठी सूचना प्रसिद्ध केली.

१८ वर्षांखालील मुलांना देशांतर्गत प्रवासासाठी ओळखपत्र दाखवावे लागत नाही.

अटक आणि राज्यांचे कायदे

संघीय कायद्यात ओळखपत्र न दाखवण्याला शिक्षा नसली, तरी विमानतळांवरील पोलीस बहुधा शहराचे वा राज्याचे असतात आणि ते राज्याचे कायदे लागू करतात. १५ नोव्हेंबर २००९ रोजी न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की विमानतळावर वॉशिंग्टन राज्यातील एका प्रवाशाने ओळखपत्र दाखवण्याऐवजी दुसऱ्या मार्गाने पडताळणी करण्याची मागणी केली आणि तो संवादाचे चित्रीकरण करू लागला. चित्रीकरण थांबवण्यास त्याने नकार दिल्यावर पोलिसांना बोलावण्यात आले व त्याला अटक झाली. ओळख लपवणे, गैरवर्तन, अतिक्रमण आणि अधिकाऱ्याच्या आदेशाचा भंग असे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये ज्यूरीने त्याला चारही आरोपांतून निर्दोष ठरवले. बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नव्हता. त्या दिवशीचे चित्रीकरणच ज्यूरीसमोर होते.

यानंतर त्याने भरलेला दिवाणी दावा मात्र फसला. डिसेंबर २०१५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यांना मर्यादित उन्मुक्ती, म्हणजे पदाचे काम करताना झालेल्या वाजवी चुकीबद्दलचे संरक्षण, लागू होते असे ठरवले. तपासणीनाक्यावर चित्रीकरण करण्याचा हक्क त्या वेळी स्पष्टपणे प्रस्थापित नव्हता, असेही न्यायालयाने म्हटले. निर्दोष सुटलेल्या माणसालाही अटकेची भरपाई मिळाली नाही.

पोलिसांनी विचारल्यावर नाव सांगण्याबाबत २००४ च्या हीबेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, वाजवी संशयावरून रोखलेल्या व्यक्तीला नाव सांगण्याची सक्ती राज्य कायद्याने करू शकते. तेथे प्रश्न नाव सांगण्याचा होता, कागदपत्र दाखवण्याचा नव्हता. शिवाय विमानतळावरील सामान्य प्रवासी संशयावरून रोखलेला नसतो.

झडतीबाबतचा नियम वेगळा व अधिक स्पष्ट आहे. होनोलुलू येथे ओळखपत्राविना आलेल्या एका प्रवाशाला अतिरिक्त तपासणीसाठी बाजूला घेतले असता त्याच्याकडे अमली पदार्थ सापडले. आपली संमती आपण मागे घेतली होती, असा बचाव त्याने मांडला. ऑगस्ट २००७ मध्ये नवव्या सर्किटच्या विस्तारित पीठाने, विमानतळावरील झडतीची वैधता संमतीवर अवलंबून नसून ती प्रशासकीय झडती आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे तपासणीच्या चौकटीत पाऊल टाकल्यावर माघार घेण्याचा हक्क राहत नाही.

रिअल आयडी कायदा

११ मे २००५ रोजी संमत झालेल्या रिअल आयडी कायद्याने राज्यांच्या वाहनपरवान्यांसाठी किमान निकष ठरवून दिले. निकषांत न बसणारा परवाना संघीय यंत्रणांनी ‘अधिकृत कामांसाठी’ स्वीकारू नये, अशी त्यातील मुख्य तरतूद आहे आणि व्यापारी विमानात चढणे हे त्या कामांपैकी एक आहे. अनेक राज्यांनी खर्च व खासगीपणाच्या कारणांवरून विरोध केला. मेन राज्याच्या विधिमंडळाने २००७ च्या जानेवारीत त्याविरुद्ध ठराव केला. अंमलबजावणी पुनःपुन्हा पुढे ढकलली गेली आणि अखेरीस ७ मे २०२५ रोजी सुरू झाली. मूळ कायद्यानंतर तोपर्यंत २० वर्षे उलटली होती.

हा कायदा शासकीय यंत्रणेला उद्देशून आहे. कोणते कार्ड स्वीकारायचे हे तो सांगतो. प्रत्येक प्रवाशाजवळ कार्ड असलेच पाहिजे, असे तो म्हणत नाही. हा फरक केवळ तांत्रिक नाही. निकषांत न बसणारा परवाना बाळगणाऱ्याची स्थिती कायद्याच्या दृष्टीने ओळखपत्रच नसलेल्या प्रवाशासारखी होते, आणि अशा प्रवाशासाठी पर्यायी पडताळणीची वाट आधीपासून होती. मे २०२५ नंतरही अशा प्रवाशांना सरसकट परत पाठवण्यात आले नाही. अतिरिक्त तपासणी करून त्यांना पुढे जाऊ देण्यात आले. पासपोर्ट असल्यास रिअल आयडीची गरज पडत नाही.

१ फेब्रुवारी २०२६ पासून स्वीकारार्ह ओळखपत्र नसलेल्या प्रवाशांसाठी ‘कन्फर्म डॉट आयडी’ ही ४५ डॉलर शुल्काची पडताळणी सेवा सुरू झाली. एकदा भरलेले शुल्क १० दिवसांच्या प्रवासासाठी चालते; शुल्क भरले म्हणजे ओळख पटेलच अशी हमी मात्र नसते. आजवर मोफत असलेल्या पर्यायाला किंमत लागल्याने, प्रवासाच्या हक्कावर शुल्क आकारता येते काय, हा नवा मुद्दा वादात आला.

परदेशी नागरिक

वरील विवेचन प्रामुख्याने अमेरिकी नागरिकांना लागू आहे. तेथे शिक्षण वा नोकरीसाठी राहणाऱ्या भारतीयांची, अर्थात त्यातील मराठी भाषकांचीही, स्थिती निराळी आहे. अमेरिकी संघीय कायद्याच्या ८ व्या शीर्षकातील कलम १३०४ नुसार १८ वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा सदैव जवळ बाळगला पाहिजे. ग्रीन कार्डधारकांनाही हे लागू आहे. न बाळगणे हा किरकोळ गुन्हा असून त्यासाठी ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन विमानतळापुरते नाही. ते रस्त्यावर, बसमध्ये, सर्वत्र लागू असते. तपासणीनाक्यावर परदेशी पासपोर्ट ओळखपत्र म्हणून स्वीकारला जातो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत पासपोर्टची आवश्यकता सुरक्षा तपासणीतून नव्हे, तर स्थलांतर व सीमाशुल्क कायद्यांतून येते.

चेहरा ओळखणारी यंत्रे

अलीकडच्या वर्षांत अनेक विमानतळांवर ओळखपत्र यंत्रात घालून प्रवाशाच्या चेहऱ्याशी त्यावरील छायाचित्र जुळवले जाते. यंत्र उड्डाणाची नोंदही थेट पाहत असल्याने अनेक ठिकाणी बोर्डिंग पास दाखवावा लागत नाही. छायाचित्र काढू देणे ऐच्छिक असून नकार देणाऱ्याची पडताळणी अधिकारी स्वतः करतो, असे टीएसएचे जाहीर धोरण आहे. गर्दीच्या रांगेत हा पर्याय प्रवाशाच्या ध्यानात कितपत येतो, याविषयी अमेरिकी सिनेटच्या काही सदस्यांनी शंका व्यक्त केली आहे.

अन्य देशांतील स्थिती

कॅनडात ही जबाबदारी विमान कंपन्यांवर नियमाद्वारे स्पष्टपणे टाकलेली आहे: १८ वर्षे व त्यावरील दिसणाऱ्या प्रवाशाचे वैध ओळखपत्र पाहिल्याखेरीज त्याला विमानात चढू देता येत नाही. तेथील वाद त्यामुळे सक्ती आहे की नाही यावर न होता प्रवासबंदीच्या यादीवर अधिक झाला.

भारतात ओळखपत्राची तपासणी सुरक्षा नाक्याच्याही आधी, टर्मिनलच्या दारातच होते. डिसेंबर १९९९ मधील आयसी ८१४ विमानाच्या अपहरणानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) सोपवण्यात आली. दारातील जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच प्रवाशाला आत सोडतो. कोणती ओळखपत्रे चालतील याची यादी नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन कार्ड, वाहनपरवाना आदींचा समावेश असून पालकांसोबतच्या अल्पवयीन मुलांना सूट आहे. चेहऱ्यावरून प्रवेश देणारी डिजियात्रा ही ऐच्छिक सेवा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूर व वाराणसी येथे सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुणे व मुंबई विमानतळांवर आली. यादी जाहीर असल्याने, नियमाचा मजकूरच गोपनीय असण्याचा जो प्रश्न गिल्मोर खटल्यात आला, तो भारतात ओळखपत्रांच्या बाबतीत त्या स्वरूपात उद्भवलेला नाही.